दोन कळशा

जत मागं टाकून नागजच्या दिशेनं निघालं की बाभळींच्या आडोशाला तीन घरांची एक वस्ती लागते. त्या वस्तीवरच्या एका आजींचं चौदा लिटर पाणी मी गेल्या मे महिन्यात रस्त्यावर सांडलं. सांडलं म्हणजे हातातून कळशी निसटली असं नाही. मी ते गाडीच्या रेडिएटरमध्ये ओतत होतो आणि ते खालून डांबरावर पडत होतं. आजी दारातल्या दगडावर बसून बघत होत्या. पहिली कळशी संपली तेव्हा त्या उठल्या, आत गेल्या आणि दुसरी घेऊन आल्या.

मी सांगलीचा. आमच्याकडं पाणी म्हटलं की कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणी मोजायची पट्टी आठवते. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टात सत्तावन्न फुटांच्या वर. तेव्हा गणपती पेठेत बोटी फिरल्या. आमच्या जुन्या घराच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ अजून आहे. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, त्याच कलेक्टरच्या हद्दीत, बायका टँकरचा हॉर्न ऐकून उठतात. म्हैसाळ योजनेनं कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं उचलून पूर्वेकडं नेलं, जतच्या काही भागात कालव्याला पाणी आलं, पण सगळ्या वस्त्यांवर नाही. या वस्तीवर नव्हतं. दाराशी निळं प्लास्टिकचं पिंप होतं, त्यावर पत्रा, पत्र्यावर दगड. कळशा त्या पिंपातून भरलेल्या होत्या.

हे सगळं मला माहीत होतं, नकाशावर. वर्गात शिकवलंयही. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो.

गाडीबद्दल सांगायला हवं. ती आमची चालती खोली. मूळची सतरा आसनांची डिझेल मिनीबस, एका शाळेत मुलं नेणारी. आसनं काढून आत दोन पलंग, एक ओटा, शेगडी, कोपऱ्यात कमोड आणि मागच्या बाजूला ऐंशी लिटरची पाण्याची टाकी केली. आरटीओची परवानगी आणि कागदपत्रांत वर्ष गेलं. हे केलं ते आईसाठी. तिचे गुडघे गेलेत, खाली बसता येत नाही, आणि परगावी संडासाची सोय कशी असेल या एका धास्तीनं तिनं दहा वर्षं कुठं जायचंच सोडून दिलं होतं. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, मिरज डेपोला, पस्तीस वर्षं. त्यांनी अख्खा महाराष्ट्र बघितला आणि आईनं त्यांचा डबा भरला. मला ते खुपायचं. अण्णांनाही खुपत असावं, कारण गाडी घ्यायची म्हटल्यावर एरवी प्रत्येक खर्चाला नाही म्हणणाऱ्या माणसानं भविष्य निर्वाह निधीतली ठेव मोडून पैसे आणून दिले.

तर विजापूरला गेलो होतो. गोलघुमटाच्या वरच्या सज्जापर्यंत आईला चढणं शक्यच नव्हतं. ती खाली मधोमध थांबली, हातातल्या घडीच्या खुर्चीवर. मी वर जाऊन ‘आई’ अशी हाक मारली. ती हाक घुमटात फिरत फिरत, पुन्हा पुन्हा तिच्यापर्यंत पोचत राहिली. खाली आलो तर तिचे डोळे भरलेले. १६५६ साली बांधून झालेल्या त्या घुमटाखाली माझी हाक इतक्यांदा ऐकायला मिळाली म्हणून ती खूश होती. परतीच्या वाटेवर सगळे त्याच आनंदात होतो. एसी चालू, मागं हिची भाजी निवडणं, आणि मी गाडीच्या तापमानाच्या काट्याकडं जितकं बघायला हवं तितकं बघत नव्हतो.

‘गोड वास येतोय,’ अण्णा म्हणाले.

मला वाटलं, आईनं डब्यातले लाडू काढले.

‘लाडवाचा न्हवं. काटा बघ.’

काटा निम्म्याच्या वर गेला होता. कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवायला रेडिएटरच्या पाण्यात मिसळतात ते द्रव. त्यातल्या ग्लायकॉलला एक गोडसर, चिकट वास असतो. तो गरम होऊन बाहेर पडला की गाडीत घुसतो. पुस्तकात मी तो शब्द शंभर वेळा वाचला असेल, वास मात्र अण्णांच्या नाकाला माहीत होता. बाजूला घेतली. अण्णांचा एसटीतला नियम: गाडी तापली की आधी थांबायचं, मग विचार करायचा. कितीतरी इंजिनं ‘एवढा चढ संपू दे’ म्हणण्यात गेली आहेत. डिझेल जळून जी उष्णता तयार होते तिचा साधारण तिसरा हिस्सा चाकं फिरवायला लागतो, साधारण तेवढीच सायलेन्सरवाटे निघून जाते, आणि राहिलेली बहुतेक पाण्याला वाहून न्यावी लागते. पाणी कमी पडलं की ती उष्णता लोखंडात साठते. हेड वाकतं, गॅस्केट उडतं, तेलात पाणी शिरून तेल दुधाच्या चहासारखं होतं, आणि मग खर्च हजारांत मोजून भागत नाही.

बॉनेट उघडलं. वाफ. मी फडकं घेऊन झाकणाला हात घालणार तोच अण्णांनी मनगट धरलं.

‘चाळीस मिनिटं. घड्याळ लाव.’

झाकणाचं शास्त्र मला येत होतं. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरच्या शिट्टीचा भाऊ. आतली स्प्रिंग पाण्याला साधारण ०.९ बारपर्यंत जादा दाबाखाली धरून ठेवते, म्हणून आतलं पाणी शंभर अंशांवर गेलं तरी उकळत नाही, पार ११८ अंशांच्या आसपास जाऊन उकळतं. ग्लायकॉल मिसळलेलं असेल तर आणखी वर. पण झाकण उघडलं की दाब एका क्षणात जातो आणि तेच पाणी वाफ होऊन तोंडावर उडतं. हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवतो. तरी हात पुढं गेला होता. अण्णांच्या डाव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत एक जुना फिकट डाग आहे. लहानपणी मी विचारायचो तेव्हा ‘गाडीनं ओवाळलं’ म्हणायचे. त्या दिवशी तो डाग माझ्या मनगटाशेजारी होता.

गाडी निवल्यावर आमच्या टाकीतलं उरलेलं सगळं पाणी रेडिएटरला घातलं, नऊएक लिटर. निघालो. दहा-बारा किलोमीटरवर काटा पुन्हा वर. आता गाडीत प्यायच्या दोन बाटल्या सोडून पाणी नव्हतं, आणि समोर ती वस्ती होती.

आजी ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. अण्णा पुढं झाले. ‘आक्का, गाडी तापलीया. वाईच पाणी मिळंल का?’

‘किती?’

हा प्रश्न मला फार खोल गेला. आमच्या घरी पाहुण्यानं पाणी मागितलं तर कुणी ‘किती’ विचारत नाही. त्यांच्या आवाजात कंजूषपणा नव्हता. हिशेब होता. घरात किती माणसं, जनावरं किती, टँकर परवा की तेरवा, एवढं सगळं त्या एका शब्दात होतं.

‘एक कळशी बास,’ अण्णा म्हणाले. इंजिन चालू ठेवून ते मला सावकाश धार धरायला सांगत होते, कारण तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम पडलं तर लोखंड तडकतं. मी धार धरली. खाली बघितलं तर डाव्या बाजूनं पाण्याची दोरी लागलेली. आधी थेंब थेंब गळत होतं, आता सरळ वाहत होतं. एक कळशी गेली. डांबरावर ओल पसरली, आणि त्या उन्हात बघता बघता वाळली. एका कोंबडीला तेवढ्यात चोच मारता आली, तेवढीच.

दुसरी कळशी घेऊन आल्या तेव्हा मी म्हणालो, ‘नको आजी, वाया जातंय.’

‘मग हितंच ऱ्हाताय व्हय?’ त्या म्हणाल्या. ‘घाला.’

आणि मग आईनं गाडीतून हाक मारली, ‘हळद घालून बघा की.’

आईचं माहेर हरिपूर. जमिनीखालच्या पेवांत हळद साठवणारं गाव. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आईच्या लेखी ती त्याआधीपासूनच सगळ्यावरचं औषध. चिरलं की हळद, मुरगळलं की हळद, मुंग्या आल्या की हळद. मी नको म्हणणार होतो, पण अण्णाच म्हणाले, ‘ट्रकवाले घालतात. घरापर्यंत पोचवती.’ आमच्या डब्यातली हळद दोन चमचे निघाली. आजी आत जाऊन मूठभर घेऊन आल्या, वाटीत नाही, मुठीतच. आईनं खिडकीतून बघून माप सांगितलं: ‘एवढी बास, जास्त नको.’

हे काम कसं करतं ते मी नंतर विचार करकरून लावलेलं असं: हळदीची पूड गरम पाण्यात फुगते, पाण्याच्या प्रवाहाबरोबर फिरते, आणि जिथून पाणी बाहेर धाव घेतं तिथं तीही धावते आणि भोकाच्या तोंडाशी दाटते. पाच-सात मिनिटांत दोरीची धार झाली, धारेचे थेंब झाले. पिवळे थेंब. डांबरावर कुणी हळदीकुंकवाचं बोट टेकवत जावं तसे.

अण्णांनी झाकण पूर्ण आवळलं नाही, पहिल्याच खाचेवर ठेवलं, म्हणजे आत दाब धरणार नाही आणि हळदीचं बूच उडणार नाही. दाब नाही म्हणजे पाणी लवकर उकळणार, म्हणून तिसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही, एसी बंद, आणि हीटर पूर्ण चालू. मे महिना, दुपारचे चार, आणि आम्ही हीटर लावून खिडक्या उघडून निघालो. गाडीचा हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच असतो. इंजिनाची उष्णता जेवढी आपल्या अंगावर घ्याल तेवढी त्याची कमी होते. हिनं पंचा भिजवून आईच्या डोक्यावर ठेवला. तो पंचा भिजवायला प्यायच्या दोन बाटल्यांतली एक गेली. आई मधेच म्हणाली, ‘त्या आक्काला मी विचारलंच नाही, तुमच्या घरात कोण कोण आहे.’

सांगलीला पोचायला रात्रीचे साडेदहा झाले. दर अर्ध्या तासाला थांबायचं, काटा खाली यायची वाट बघायची. मिरजेत शिरताना स्टेशनाचे दिवे दिसले तेव्हा अण्णा म्हणाले, ‘हितनंच गेलती पाण्याची गाडी.’ २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, पहिल्या फेरीला दहा टँकर, पाच लाख लिटर. ती बघायला अण्णा मुद्दाम गेले होते आणि घरी आल्यावर बराच वेळ गप्प बसून होते. त्या रात्री गाडीतही त्यानंतर कुणी बोललं नाही.

आमचा रेडिएटरचा मिस्त्री माधवनगर रोडला बसतो. अण्णांच्या ओळखीचा, साठीचा माणूस, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. दुकानात एक सिमेंटचा हौद, हवेचा कॉम्प्रेसर, गॅसची शेगडी, आणि भिंतीला टांगलेल्या जुन्या जाळ्या. त्याचे वडील कल्हईवाले होते. दारोदार फिरून भाता मांडायचे, तापलेल्या पातेल्यात नवसागराचा धूर काढून कथील फिरवायचे. घराघरांत स्टील आलं आणि पितळेची भांडी माळ्यावर गेली, तेव्हा पोरानं तेच कथील आणि तोच नवसागर घेऊन रेडिएटरला डाग द्यायला, म्हणजे सुटलेले सांधे कथलानं जोडायला, सुरुवात केली. आमच्या भागात असं होत आलंय. मिरजेत हत्यारांना धार लावणारे शिकलगार सतारी करू लागले आणि आज देशभरचे गवई मिरजेचे तंबोरे मागवतात. हाताला धातू कळत असला की हात उपाशी राहत नाही, निदान राहू नये असं मला मनापासून वाटतं.

मिस्त्रीनं जाळी उतरवली, उलटी केली, आणि खालच्या टाकीतून पिवळा गाळ पडला.

‘हळद लागली व्हय हिला,’ तो म्हणाला आणि हसला. मग गाळ बोटावर घेऊन मला दाखवला. ‘सर, हळद वाईट न्हाई. पण तिला भोक कुठलं नि नळी कुठली ते कळत न्हाई. घरी पोचलाय, बास. आता धुवायला पायजे.’

मी त्याला डावा कोपरा दाखवला, तिथून गळतंय म्हणून. त्यानं मान हलवली. दोन्ही होजच्या तोंडांना रबरी बुचं लावली, हवेची नळी जोडली, आणि अख्खी जाळी हौदात बुडवली. डाव्या खालच्या कोपऱ्यात काहीच नाही. बुडबुडे आले ते वरून, मधून, जिथं पितळेच्या टाकीचा आणि जाळीच्या वरच्या पट्टीचा सांधा आहे तिथून. पाणी वर सुटत होतं, फॅनच्या वाऱ्यानं जाळीच्या पातळ धातूच्या पत्त्यांवरून तिरकं सरकत खाली डावीकडं जमत होतं आणि तिथून गळत होतं. मी ज्या जागेकडं बघून दोन कळशा ओतल्या ती जागा धड होती.

पण मिस्त्री तिथंही थांबला नाही. सांधा आपोआप सुटत नाही म्हणाला, आणि गाडीखाली गेला. रेडिएटर ज्या दोन रबरांवर बसतो ती रबरं त्यानं काढून माझ्या हातात दिली. एक कडक होऊन भेगाळलेलं, दुसरं निम्मं झिजलेलं. त्यामुळं अख्खी जाळी चेसिसबरोबर लोखंडावर लोखंड आपटत होती, प्रत्येक खड्ड्याला, कित्येक महिने. शिवाय आमची गाडी कधीच रिकामी नसते. पलंग, ओटा, पाण्याची टाकी, सगळा संसार कायम अंगावर. शाळेची बस संध्याकाळी रिकामी होते, हिला ती सुट्टी नाही. साठ रुपयांच्या दोन रबरांनी कळशा सांडल्या होत्या. ते भेगाळलेलं रबर मी खिशात घालून घरी आणलं. पुढच्या वर्षी नववीच्या वर्गात दाखवणार आहे.

आता प्रश्न दुरुस्त करायची की नवी टाकायची. बाजारात ॲल्युमिनियमच्या जाळीचा, प्लॅस्टिकच्या टाक्यांचा नवा रेडिएटर तयार मिळत होता, वजनाला हलका, तासाभरात बसला असता. मिस्त्री त्याला नावं ठेवत नव्हता. ‘थंड चांगला करतो,’ म्हणाला, ‘पण टाकी चिरली की फेकायचा. प्लॅस्टिकला मी डाग कुठनं देऊ?’ ॲल्युमिनियमच्या जाळीवर प्लॅस्टिकची टाकी रबरी पट्टी घालून, कडेचे दात वाकवून बसवलेली असते. उन्हापावसानं, ताप-गारव्यानं प्लॅस्टिक ठिसूळ होतं. तांब्या-पितळेचा मात्र प्रत्येक सांधा उघडता येतो आणि पुन्हा जोडता येतो.

मी म्हणालो, मग डाग द्या. त्यानं वरची टाकी सोडवली, आणि आतल्या नळ्यांची तोंडं दिसली. पांढरा थर. क्षार. शाळेच्या बसला वर्षानुवर्षं कुणी बोअरचं पाणी घातलं असणार, आणि आपल्याकडच्या बोअरचं पाणी किती जड हे कुठल्याही घरातल्या बादलीचा तळ सांगतो. मिस्त्रीनं रॉडिंग सुरू केलं, म्हणजे पातळ चपटी पट्टी एकेका नळीत घालून आतला थर खरवडणं. एक, दोन, तीन. काही नळ्यांत पट्टी गेली, काहींत निम्म्यावर अडली. मग त्यानं खालच्या भागातल्या तांब्याच्या पत्त्यांवरून अंगठा फिरवला. पत्त्या पापडाच्या चुऱ्यासारख्या गळून पडल्या. पत्ती नळीला चिकटलेली नसली तर नळीतली उष्णता हवेला देणार कोण?

तो थोडा वेळ काही बोलला नाही. त्याला दुरुस्तीच हवी होती, हे मला दिसत होतं. शेवटी म्हणाला, ‘जाळी गेलीया सर. टाक्या सोन्यासारख्या हायत. जाळी नवी घालतो, तांब्याचीच, टाक्या ह्याच लावतो.’ ॲल्युमिनियमच्या नव्यापेक्षा हे जवळजवळ दुप्पट महाग पडत होतं आणि आठ दिवस लागणार होते. मी हो म्हणालो. त्याला पैशांच्या गणितात बसणारं कारण माझ्याकडं नव्हतं. त्या पितळी टाकीच्या कडेनं तीन वेगवेगळ्या हातांचे जुने डाग होते, एक जाडजूड घाईतला, एक बारीक देखणा, एक कुठंतरी रात्री रस्त्यावर दिला असावा असा वेडावाकडा. कुणीतरी तीनदा ती टाकी वाचवली होती. चौथ्यांदा ती माझ्या हातून भंगारात जाऊ नये, इतकंच वाटलं.

डाग देताना मी दुकानात बसून होतो. त्यानं आधी पितळ घासून लख्ख केलं, जस्त विरघळवून मारलेलं ॲसिड ब्रशनं लावलं, ज्योत लांबून फिरवत धातू सारखा तापवला, आणि मग कथील-शिशाची कांडी सांध्याला नुसती टेकवली. कांडी वितळली आणि चमकत, पाण्यासारखी, सांध्याच्या कडेनं धावत गेली. ‘कथलाला ढकलायचं नसतं,’ तो म्हणाला, ‘वडील सांगायचे. जागा तापलेली नि स्वच्छ असली की ते आपलं आपण जातं.’ अण्णा शेजारच्या स्टुलावर बसून हे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत मी कौतुक फार थोड्यांदा बघितलंय.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं जुंपलं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातलं पाणी ठरावीक तापल्यावरच जाळीकडं सोडणारा वॉल. अण्णांचं म्हणणं, तो वॉलच काढून टाका, पाणी मोकळं फिरू दे, गाडी थंड राहील. जुने ड्रायव्हर सर्रास हे करतात. मिस्त्रीचं म्हणणं, ठेवा. इथं मी मिस्त्रीच्या बाजूनं. इंजिनाला ठरावीक गरमी लागतेच. पाणी पहिल्यापासून जाळीत फिरत राहिलं तर थंडीत इंजिन नीट तापतच नाही, डिझेल जास्त पितं आणि धूर सोडतं. शेवटी तो थर्मोस्टॅट मी घरी नेला, आईच्या पातेल्यात पाणी तापत ठेवलं, शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर सोडला आणि दोऱ्यानं थर्मोस्टॅट टांगला. आई, ही आणि अण्णा तिघं शेगडीभोवती. ब्याऐंशीला त्याचं तोंड किंचित उघडलं, नव्वदीच्या पुढं पूर्ण. गॅस बंद केल्यावर पुन्हा हळूहळू मिटलं. अण्णा वाकून बघत म्हणाले, ‘जिवंत हाय की.’ ठेवला.

नवव्या दिवशी गाडी जोडून झाली. झाकण नवं, होज नवे, रबरं नवी. निम्मं कूलंट आणि निम्मं बॅटरीत घालतात तसलं शुद्ध पाणी, बोअरचं एक थेंबही नाही. भरताना गाडीचं तोंड चढाला केलं, हीटर चालू ठेवला, आणि मिस्त्री वरचा होज हातानं दाबत, सोडत राहिला. आत अडकलेली हवा बुडबुड करत वर येत होती. प्रत्येक बुडबुड्याला पातळी थोडी खाली जायची आणि तो पुन्हा भरायचा. अर्ध्या तासानं बुडबुडे थांबले. मग फॅन लागेपर्यंत गाडी उभ्यानं तापवली. मी खाली कागद अंथरून पालथा पडून बघत होतो. कागद कोरडा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा उघडायच्या आधी, आम्ही चौघं पुन्हा जतच्या रस्त्याला लागलो. कुठं जायचंय असं कुणी ठरवलं नव्हतं. अण्णांनी सकाळीच वीस लिटरचे दोन कॅन भरून आत ठेवले होते, आणि आईनं एका पुडीत हळद बांधली होती, हरिपूरची, मामाच्या घरची.

आजी तिथंच, त्याच दगडावर. आम्हाला ओळखलं नाही. गाडीला ओळखलं.

‘हीच की ती गळकी.’

अण्णांनी कॅन उतरवले. त्या कॅनकडं बघत राहिल्या, मग म्हणाल्या, ‘हे कशाला आणलासा? पाणी कुणी माघारी देत असतंय व्हय?’ आवाजात राग होता, खरा. माझी जीभ टाळ्याला चिकटली. इतके दिवस मी मनात चौदा लिटरांचा आकडा घेऊन फिरत होतो, आणि त्यांच्याकडं असा काही आकडाच नव्हता. अण्णा काही न बोलता कॅन उचलायला लागले तेव्हा आईनं गाडीच्या दारातून, पायरीवर बसून, सांगितलं, ‘माघारी न्हाई हो आक्का. च्या करायला आणलंय. तुमच्यात च्या प्यायचाय आमास्नी.’

आजींनी आईकडं बघितलं, तिच्या गुडघ्यांकडं बघितलं. ‘उतरू नगासा,’ म्हणाल्या. ‘मीच येते.’

चहा गाडीतल्या शेगडीवर झाला. आजी पलंगावर बसल्या, गादी दाबून बघितली, कमोडचं दार उघडून बघितलं, आणि आईला घरात कोण कोण आहे ते सगळं सांगितलं: एक मुलगा पुण्याला, एक इथंच, सून, नातवंडं तीन, म्हशी दोन. आईनं हळदीची पुडी त्यांच्या ओटीत घातली.

निघताना मी सवयीनं बॉनेट उघडलं. आजी काठी टेकत गाडीच्या पुढं आल्या. चप्पल काढली आणि बंपरखालच्या जमिनीवर उघडं पाऊल फिरवलं, डावीकडं, उजवीकडं, मग पुन्हा डावीकडं, मागच्या वेळी ओल होती त्या बाजूला.

‘कोरडं हाय,’ त्या म्हणाल्या, आणि चप्पल पायात सरकवली.